न दिसलेला चावा

वटवाघळापासून माणसाला रेबीज होऊ शकतो, हे वैद्यकाला उशिरा कळलं. १९२५नंतर त्रिनिदाद बेटावर गुरं मरू लागली, तेव्हा संशय विषबाधेवर गेला. माणसं लुळी पडून दगावू लागली, तेव्हा पोलिओवर. कुत्रा चावल्याचं कुणीच सांगत नव्हतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ लेनॉक्स पवान या तिथल्याच डॉक्टरने मृतांच्या मेंदूत रेबीजची खूण असलेले निग्री कण ओळखले आणि हा माग रक्त पिणाऱ्या वटवाघळांपर्यंत नेला. तरीही उत्तर अमेरिकेत याकडे उष्ण प्रदेशातला रोग म्हणूनच पाहिलं गेलं. मग जून १९५३मध्ये फ्लोरिडात सात वर्षांच्या मुलाला किडे खाणारं पिवळं वटवाघूळ चावलं. ते तपासायला दिलं आणि त्याच्यात रेबीज निघाला. जी वटवाघळं लोकांच्या माळ्यावर राहत होती, त्यांच्याकडे आता वेगळ्या नजरेने पाहावं लागलं. खोलीत वटवाघूळ आढळलं, पण चावा दिसत नाही, तर लस घ्यायची का, हा प्रश्न तिथून सुरू होतो. त्याचं उत्तर पुढे अनेकदा बदललं. माझ्या मते त्या बदलांमागे दोन गोष्टी होत्या: लस घेण्यासाठी मोजावी लागणारी किंमत, आणि झोपलेल्या माणसाच्या साक्षीवर ठेवलेला भरवसा.

आधी किंमत पाहू. डेव्हिड सेम्पल यांनी १९११मध्ये कसौलीत तयार केलेली लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे आणि ती जगभर वापरली गेली. आपल्याकडे ‘पोटातली चौदा इंजेक्शनं’ म्हणून जिची धास्ती होती, ती हीच. मेंदूच्या पेशींमुळे क्वचित कुणाला लसीनेच पक्षाघात होई. अशी लस केवळ शंकेपोटी टोचणं डॉक्टरला जड जाणारच. जखम समोर दिसली, तरच धोका पत्करण्यात अर्थ होता. १९८०मध्ये अमेरिकेत मानवी पेशींवर वाढवलेल्या लसीला परवाना मिळाला आणि दंडात घ्यायच्या मोजक्या, बऱ्याच सुरक्षित इंजेक्शनांवर काम भागू लागलं. लसीची भीती ओसरली, तशी संशयाला जागा झाली.

त्या संशयाला पुरावाही मिळाला. विषाणूचे प्रकार प्रयोगशाळेत वेगळे ओळखता येऊ लागले, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक मृत्यूंमागे वटवाघळाचा विषाणू निघाला. चाव्याची नोंद मात्र नव्हती. १९९५मध्ये वॉशिंग्टन राज्यात चार वर्षांच्या मुलीच्या खोलीत वटवाघूळ सापडलं. घरच्यांनी तिचं अंग तपासलं, काही दिसलं नाही. वटवाघूळ मारून पुरण्यात आलं. मुलगी आजारी पडल्यावर ते उकरून तपासलं, तर त्यात रेबीज होता. मुलगी वाचली नाही. वटवाघळाचे दात इतके बारीक असतात, की त्यांची खूण सहज नजरेतून सुटते. १९९९मध्ये अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने सल्ला दिला, की झोपलेली व्यक्ती किंवा एकटं मूल असलेल्या खोलीत वटवाघूळ सापडलं आणि तपासणीने रेबीज नाकारता आला नाही, तर उपचाराचा विचार करावा.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप कॅनडातून आला. क्वेबेकमधल्या संशोधकांनी २००९मध्ये हिशेब मांडला: स्पर्श जाणवला नाही, फक्त खोलीत वटवाघूळ होतं, अशा ३,१४,००० ते २७ लाख लोकांवर उपचार करावेत, तेव्हा एक मृत्यू टळेल. त्यानंतर कॅनडाने प्रत्यक्ष स्पर्शाची अट पुढे आणली. हा आक्षेप कंजूषपणातून आलेला नाही. लसीबरोबर द्यायची प्रतिपिंडं महाग असतात आणि जगात कुत्रा चावलेल्या असंख्य गरिबांना ती मिळत नाहीत. ती कुठे खर्च करायची, हा न्यायाचाही प्रश्न आहे.

तरीही सरासरीचा हा हिशेब प्रत्येक खाटेला सारखा लागू होत नाही. जागा झालेला शुद्धीतला प्रौढ ‘अंगाला काही लागलं नाही’ म्हणतो, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन आहे. लहान मुलाकडून, नशेत किंवा बेशुद्ध असलेल्याकडून तशी साक्ष मिळत नाही. २०२४मध्ये ऑन्टॅरिओत एका मुलाचा मृत्यू झाला. त्याच्या खोलीत वटवाघूळ होतं, पालकांना चावा दिसला नव्हता. १९६७नंतर त्या प्रांतात संसर्ग होऊन माणूस दगावल्याची ही पहिलीच नोंद. म्हणून नुसत्या वटवाघळाच्या असण्यावर निर्णय टांगू नये. साक्ष कितपत भरवशाची, ते आधी पाहावं. साक्षीची गरजच संपवणारा मार्गही आहे: जाड हातमोजे घालून, डोकं न ठेचता वटवाघूळ डब्यात बंद करायचं आणि आरोग्य खात्याकडे द्यायचं. मेंदूची तपासणी निर्वाळा देते. घाईने खिडकीतून हाकललेलं वटवाघूळ हा पुरावाही सोबत नेतं.

भारतात वटवाघळांतला रेबीज अजून निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही. इथला खरा धोका कुत्र्याचा. त्यामुळे अमेरिकी नियम सांगलीतल्या खोलीला जसाच्या तसा लावणं चूक. पण न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने गावाकडचा निर्धास्तपणा सोबत नेणं त्याहून मोठी चूक. चावा किंवा ओरखडा असेल, तर कुठेही जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून जवळपास कुणीच वाचत नाही. म्हणून ज्याला स्वतःबद्दल सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत शंकेचं माप लसीच्या बाजूला झुकलं पाहिजे.