रात्रीही दिसणारी दुर्बीण : निवडताना काय पाहावे?

सोलापूर : दिवसा रंगीत आणि रात्री कृष्णधवल चित्र दाखविणाऱ्या डिजिटल दुर्बिणींच्या जाहिराती इंटरनेटवर मुबलक आढळतात. त्यांत बहुधा रायफलीवर बसविलेली दुर्बीण आणि समोर रानडुक्कर असे दृश्य असते. भारतात मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्याबाबतही कलम ११ खाली लेखी आदेश लागतो, तर पूर्वपरवानगीवाचून शस्त्रासह अभयारण्यात शिरण्यास कलम ३१ मनाई करते. गुन्ह्यात वापरलेले वाहन व हत्यार सरकारजमा होते, ते वेगळेच. तेव्हा सोलापूरकरांनी विचार करावा तो हातात धरावयाच्या दुर्बिणीचा. रायफलीच्या दुर्बिणीत दृश्याचा आवाका तोकडा असतो आणि धावते काळवीट तीत शोधेपर्यंत दिसेनासे होते.

नान्नजचा माळ पाहावयाचा असेल, तर डिजिटल यंत्राची गरजच नाही. पहाटे व सायंकाळी साधी ८ बाय ४२ ची दुर्बीण पुरते. पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा पुढील भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८ बाय ४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, १० बाय ४२ मध्ये ४.२, तर खिशात मावणाऱ्या १० बाय २५ मध्ये केवळ अडीच. संधिप्रकाशात हा फरक लगेच जाणवतो. विक्रेते वर्धनावर भर देतात. पण वर्धन वाढले की हाताचा कंपही वाढतो. शिवाय एप्रिलच्या दुपारी तापलेल्या माळावरची हवा अशी थरथरते की २० पट वर्धनातही धाविक आणि दगड सारखेच दिसावेत.

शेताच्या बांधावरून रात्री रानडुक्कर, खोकड वा लांडगा पाहावयाचा असेल, तर डिजिटल यंत्र उपयोगी ठरते. अंधारात ते स्वतःच्या अवरक्त दिव्यावर चालते. ८५० नॅनोमीटरचा दिवा दूरवर पोहोचतो. पण त्याचा मंद लाल ठिपका समोरून दिसू शकतो. ९४० चा ठिपका जवळजवळ दिसत नाही, मात्र पल्ला कमी. पेटीवर लिहिलेला पल्ला हा आकृती दिसण्याचा असतो, प्राणी ओळखण्याचा नव्हे. ‘डिजिटल झूम’ने चित्र केवळ फुगते, तपशील वाढत नाही. दिवा चालू असता बॅटरी झपाट्याने उतरते. त्यामुळे ती बदलता येणारी असावी. उष्णतेवर चालणाऱ्या थर्मल यंत्राला दिवा लागत नाही आणि गवतातील प्राणी त्यात चटकन उठून दिसतो, परंतु किंमत बरीच अधिक आणि काचेपलीकडचे त्यास दिसत नाही. परदेशातून मागविण्यापूर्वी सीमाशुल्क खात्याचे नियम पाहून घ्यावेत.

या माळाला बंदुकीचा इतिहास आहेच. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात (आताचे अहिल्यानगर) रॉबर्ट मॅन्सफील्ड या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. आज त्याचे दर्शन दुर्मीळ आहे. अभयारण्यात जाण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी आणि रात्रीचे यंत्र घरी ठेवावे. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी अंधारात पावलांनीही बिथरतात.