मखर आणि माळा : उपनगरी घरांतील सणासुदीच्या आरासीचा इतिहास

'मखर' या शब्दाला मराठीत जे वजन आहे ते 'सजावट' या शब्दाला नाही. सजावट कशाचीही होते. दुकानाची होते, सभागृहाची होते. मखर मात्र कुणासाठी तरी असते. गणपतीसाठी असते, मंगळागौरीसाठी असते. एके काळी मुलीला न्हाण आले की तिलाही मखरात बसवीत. 'मखरात बसवणे' हा वाक्प्रचार आपण आज उपरोधाने वापरतो, पण त्याच्या मुळाशी एक साधी कल्पना आहे. ज्याचा मान करायचा त्याच्याभोवती थोड्या काळापुरते एक वेगळे घर उभारायचे आणि काळ सरला की ते उतरवायचे. मखराचे मखरपण त्याच्या तात्पुरतेपणात आहे. कायमचे मखर हे मंदिर झाले.

मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी-बोरिवलीकडे आणि घाटकोपर-मुलुंडकडे, गणपतीपासून दिवाळीपर्यंत घरांचे रूप कसे पालटत गेले याचा विचार करताना आम्हांला हा तात्पुरतेपणाच मध्यवर्ती वाटतो. या विषयावर बोलताना बहुधा दोनच सूर ऐकू येतात. 'पूर्वी सारे निसर्गाचे होते, आता सारे प्लास्टिकचे झाले' हा एक, आणि 'हौसेला मोल नाही' हा दुसरा. दोन्ही सूर खरे असले तरी अपुरे आहेत. माणसे अशी का बदलली, या प्रश्नाला त्यांत उत्तर नाही. ते उत्तर माणसांच्या संस्कारांत शोधण्यापूर्वी त्यांच्या घराच्या क्षेत्रफळात शोधावे, असे आम्हांला वाटते.

आरंभ कोकणातून करावा लागतो, कारण उपनगरांतील मराठी वस्तीचा फार मोठा भाग तिथून आलेला आहे. सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात. तिला माटी किंवा माटवी म्हणतात. गोव्यात तीच माटोळी. नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे, कवंडाळ, हरण, शेरवड, तेरडा, कळलावी असे रानातले आणि परसातले जे जे त्या पंधरवड्यात पिकते-फुलते ते तिला बांधायचे. माटी म्हणजे भाद्रपदातल्या रानाची हजेरीपटावरची नोंदच. कोणती वेल कोणत्या बांधावर सापडते आणि कळलावी सुंदर असली तरी विषारी कशी, हे ज्ञान घरातल्या मोठ्यांबरोबर रान हिंडताना मुलांना मिळे. गोव्यात कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते, त्यामागेही हे ज्ञान टिकावे हीच दृष्टी आहे. या आरासीला विकत घ्यावे लागे फार थोडे. सण सरल्यावर टाकून द्यावे लागे असेही काही नसे. फळे खाल्ली जात, पाने मातीत जात आणि लाकडी चौकट परत माळ्यावर जाई.

हा माळा महत्त्वाचा आहे. कोकणातल्या घराला माळा असे, देशावरच्या वाड्याला माळवद आणि अडगळीची खोली असे. लाकडी मखर, हंड्या-झुंबरे, समया, पाट-चौरंग, गौरीचे मुखवटे या वस्तू वर्षातले साडेअकरा महिने कुठे तरी झोपून असत. सणाची श्रीमंती ही अर्धीअधिक साठवणुकीची श्रीमंती होती. ज्याच्याकडे ठेवायला जागा, त्याच्याकडे दरवर्षी तेच मखर, आणि मग 'आजोबांच्या वेळचे मखर' अशी परंपरा.

गिरणगावात आणि गिरगावात आलेल्या माणसाला हा माळा मिळाला नाही. त्याला एक खोली मिळाली, तीही पुष्कळदा इतर बिऱ्हाडकरूंबरोबर. १८९३ साली लोकमान्यांच्या प्रेरणेने गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि त्याच वर्षी गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत तो सुरू झाला, हे सर्वज्ञात आहे. चाळीच्या दृष्टीने त्याचा एक अर्थ असाही होता की घरात मावत नसलेली आरास चौकात आली. घरातला गणपती मात्र घरातच राहिला. त्याच्यासाठी चाळीने स्वतःची सामग्री शोधली. साड्यांचे पडदे, घोटीव कागद, क्रेपच्या झालरी, बेगड, जिलेटीन कागद, पुठ्ठा आणि गव्हाच्या पिठाची खळ. आकाशकंदिलाचीही तीच सामग्री, तिला बांबूच्या कामट्यांची जोड. गॅलरीत रात्रभर बसून मुले हे काम करीत. आरासीचे ज्ञान रानाकडून हाताकडे आले.

उपनगरांचा विस्तार हा यापुढचा टप्पा. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द उत्तरेकडे सरकली आणि १९५७ मध्ये ती दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा यांनी 'स्वतःचा ब्लॉक' ही मध्यमवर्गीय आकांक्षा व्यवहारात आणली. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या. विक्रोळीचे कन्नमवारनगर आणि घाटकोपरचे पंतनगर ही त्यांतली ठळक नावे. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोप आणि गोराई येथे लहान भूखंडांची योजना आली. तिथे मोकळ्या चौकाभोवती घरे बसवलेली असल्याने चाळीच्या अंगणाचा काही अंश तरी शिल्लक राहिला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरणगावातली अनेक कुटुंबे उपनगरांत व त्यापलीकडे डोंबिवली, नालासोपारा, विरारकडे सरकली.

या नव्या घरांचे सामान कुठून आले, हे पाहिले तर एक मौजेची गोष्ट लक्षात येते. ते बरेचसे उपनगरांतूनच आले. गोदरेजचे पोलादी कपाट कंपनीने १९२३ पासून बनवायला घेतले होते. पुढे त्यांचा कारखाना विक्रोळीत वसला आणि हे कपाट मराठी घराची तिजोरी, आरसा व प्रतिष्ठा असे तिन्ही होऊन बसले. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या एशियन पेंट्सचा कारखाना भांडुपला होता. दसऱ्याआधी चुन्याची सफेदी काढणारे घर त्यांच्या 'ट्रॅक्टर' डिस्टेंपरकडे वळले. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या फेविकॉलच्या पिडिलाइट कंपनीचे कार्यालय अंधेरीत आहे. सुताराला सरस तापवण्याच्या कटकटीतून फेविकॉलने सोडवले. आणि आमच्या मते तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने मखराच्या कामातून खळीचे पातेले हद्दपार केले. उपनगरी माणूस सकाळी ज्या कारखान्यात कामाला जाई, त्याच्याच मालाने संध्याकाळी घर सजवी, असे म्हटले तर ते काही अंशी शब्दशः खरे ठरावे.

आणि मग थर्मोकोल आला. हे मुळात व्यापारी नाव. वस्तू म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. बीएएसएफ या जर्मन कंपनीत दुसऱ्या महायुद्धानंतर ते विकसित झाले. त्याच्या आकारमानात सुमारे ९८ टक्के हवाच असते. यंत्रे आणि काचसामान नीट पोहोचावे म्हणून बनलेल्या या पदार्थाने मराठी घरातल्या गणपतीला महाल बांधून दिला. थर्मोकोलची निंदा करण्यापूर्वी त्याने काय दिले, हे मान्य करायला हवे. तो पांढराशुभ्र होता, म्हणजे संगमरवरासारखा दिसे. तो इतका हलका होता की भरल्या लोकलमध्ये डोक्यावर धरून नेता येई. ब्लेडने किंवा तापल्या तारेने कापला की कमानी, खांब, जाळ्या, मोर, कळस यांतले काहीही निघे. सोनेरी रंग आणि टिकल्या लावल्या की एका खोलीच्या घरात दीड दिवसासाठी राजवाडा उभा राही. दादरच्या पदपथावर रांगेने मांडलेली ती पांढरी मंदिरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या दृश्यातली श्रीमंतीची भूक कळेल. ज्याला स्वतःला कधी संगमरवर मिळणार नव्हता, त्याने तो देवाला दिला. यात हसण्यासारखे काही नाही.

परंतु थर्मोकोलचे खरे यश त्याच्या रूपात नव्हते. ते टाकून देता येण्यात होते. दिवाण, शोकेस, गोदरेजचे कपाट आणि टीव्ही यांनी भरलेल्या खोलीत गणपतीसाठी जागा करणे हीच मुळी कसरत; टीव्ही शेजारी ठेवायला द्यायचा, दिवाण उभा करायचा. अशा घरात लाकडी मखर वर्षभर कुठे ठेवणार? १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फूट होते, पुढे ते २६९ आणि त्यानंतर ३०० चौरस फूट झाले. या आकड्यांत माळा कुठेच नाही. 'वापरा आणि फेका' ही वृत्ती पाश्चात्त्यांकडून आली, असे आपण सहज म्हणतो. आमचे म्हणणे असे, की मुंबईत ती जागेच्या टंचाईतून आली. माळा गेला आणि त्याची जागा कचराकुंडीने घेतली. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळे, निर्माल्य मातीत जाई. मखर मात्र तसेच उरे, खाडीच्या काठाला, नाल्याच्या तोंडाशी. ज्या वस्तूचे सारे सौंदर्य तात्पुरते असण्यात होते, ती वस्तू एका अविनाशी पदार्थाची बनली, हा यातला खरा विपर्यास.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबरोबर थर्मोकोलच्या वस्तूंवरही बंदी घातली. गणेशोत्सवापुरती सवलत मिळावी म्हणून सजावटकार मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलै २०१८ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. निर्णय योग्यच होता. तरी त्या वर्षी ज्यांचा माल आधीच कापून, रंगवून तयार होता, त्या कारागिरांची फिर्याद पर्यावरणाच्या जयघोषात फारशी कुणाला ऐकू आली नाही. सजावटीच्या इतिहासात सजवणाऱ्या हातांची नोंद बहुधा अशीच राहून जाते.

पर्याय बंदीच्या आधीच सुरू झाले होते. नानासाहेब शेंडकर यांच्या 'उत्सवी'ने पुठ्ठ्याची घडीची मखरे या शतकाच्या आरंभापासून लोकांसमोर आणली. या घडीच्या मखराचे मर्म आमच्या मते त्याच्या कागदात जितके आहे तितकेच घडीत आहे. ते कपाटामागे सरकवता येते. नाहीशा झालेल्या माळ्याला दिलेले ते उत्तर आहे. साड्यांच्या पडद्यांची आरास पुन्हा लोकप्रिय होते आहे, तिचेही कारण तेच. साडीची साठवण घरात आधीच असते. दुसरीकडे कृत्रिम फुलांनी थर्मोकोलची जागा पटकावली आहे. त्यांविरुद्ध फूलउत्पादकांची याचिका २०२४ मध्ये उच्च न्यायालयापुढे आली. एका अविनाशी वस्तूच्या जागी दुसरी आणून ठेवायची आणि तिला 'इको-फ्रेंडली'ची चिठ्ठी लावायची, ही चलाखी बाजाराला चांगली जमते.

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे, तिचा उल्लेख येथे ओझरताच करता येतो. उपनगरी घर एकट्या मराठी माणसाने सजवलेले नाही. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथल्या गुजराती शेजाराकडून मोत्यांची तोरणे मराठी दारांवर आली. मरोळ, गोराई, कुळवेम येथल्या गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती हे तर मराठीच्याच एका बोलीत बोलणारे इथले मूळ रहिवासी. दिवाळीचा कंदील उतरतो न उतरतो तोच त्यांच्या दारांवर आणि बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत नाताळचा तारा लागतो. जुना कागदी तारा आणि जुना आकाशकंदील शेजारी ठेवून पाहावेत. तीच कामटी, तोच पातळ कागद, आत तोच दिवा. सामग्रीला धर्म नसतो, हे वाक्य घोषणा म्हणून पुष्कळदा म्हटले जाते; येथे ते केवळ कारागिरीचे वर्णन आहे.

आज पुनर्विकासाची लाट चारी उपनगरांतून वाहते आहे. जुन्या वसाहतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. घर थोडे मोठे होते, छताला पीओपीची नक्षी येते, भिंतीतच दिव्यांची सोय असते; पण गॅलरी सरसकट खोलीत घेतलेली असते आणि ज्या सामाईक चौकात किंवा जिन्याच्या वळणावर पोरे रात्री जागून कागद कातरीत, तिथे आता मोटारी उभ्या असतात. आरासीला लागणारी सामग्री पूर्वीपेक्षा मुबलक आहे, घरपोच मिळते आहे. कमी पडते ती करण्याची जागा आणि एकत्र बसण्याचा वेळ. आम्ही वर्गात माटीविषयी बोलतो तेव्हा कोकणी आडनावांची मुलेही कवंडाळ म्हणजे काय ते विचारतात. मात्र तीच मुले रेल्वे स्थानकाबाहेर टोपलीत तेरडा घेऊन बसलेल्या बाईकडून गौरीसाठी जुडी नेतात, हेही आम्ही पाहतो. नाव विसरले तरी वस्तू अजून घरात येते आहे, आणि वस्तू येत आहे तोवर नाव पुन्हा शिकवता येते.

म्हणून निसर्गाकडे परत चला, असा उपदेश आम्हांला करायचा नाही. पंधराव्या मजल्यावर रान नेता येत नाही. आपण कोणती आरास करतो याइतकाच, ती उतरवल्यावर कुठे ठेवतो हाही प्रश्न विचारावा, एवढेच म्हणायचे आहे. घराचे आराखडे मंजूर करणाऱ्यांनी आणि सामाईक जागांची वाटणी करणाऱ्यांनीही तो विचारावा. प्रत्येक इमारतीत मोटारींना जागा राखून ठेवता येते. मग सर्वांच्या मखरांसाठी एक माळा आणि ती बनवण्यासाठी एक ओटा का नसावा?