मद्रास इलाख्यातील दुष्काळ आणि केडगावचे पाचारण

पंडिता रमाबाईंचे मातापिता अनंतशास्त्री व लक्ष्मीबाई डोंगरे तीर्थाटनात, आपल्या मद्रास इलाख्यातच, दुष्काळाने निवर्तले. भुकेची ती स्मृती रमाबाईंना आयुष्यभर पुरली. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना त्यांनी आश्रय दिला. त्यातूनच केडगावचे मुक्तिसदन वाढले. मुली तेथे लिहू-वाचू लागल्या, हस्तव्यवसाय शिकल्या. १९०५ मध्ये याच मुलींत प्रार्थनेची अपूर्व लाट उसळली. लॉस एंजेलिसमधील १९०६ च्या प्रसिद्ध सभांपूर्वीची ही घटना पेन्टेकोस्टल चळवळीच्या उगमांत गणली जाते. सहकारी मिनी अब्राम्स यांच्या पुस्तिकेद्वारे तिची वार्ता चिली देशापर्यंत पोहोचली. धर्मगुरुपदावाचूनही रमाबाईंनी आपले पाचारण जाणले होते: प्रथम अन्न, मग अक्षर, आणि दोहोंसोबत प्रार्थना. परप्रांतात मराठी अक्षर जपणाऱ्या आपल्या शाळेने हा वारसा विसरू नये.