बाहुलीच्या मानेवरची सही

हातमागावरची पैठणी ओळखायची तर पदर उलटून बघतात. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच बाहुल्यांचंही तसंच आहे. केसांचा टोप काढून मानेवर आणि डोक्याच्या आत बघावं लागतं. ऑनलाइन बाजारातल्या फोटोत मात्र बहुतेकदा नुसता चेहराच दिसतो. तिथे नव्या बाहुल्या जुन्या म्हणून विकल्या जातात, त्याबद्दल वाचताना मला वाटतं, की नकलेचा इतिहास आणि लबाडीचा इतिहास वेगवेगळा सांगायला हवा.

पिएर-फ्रान्स्वा झ्युमो यांनी १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये बाहुल्यांचा धंदा सुरू केला. मुलगा एमिल याच्या काळात तो भरभराटीला आला. डोकं बिस्कचं, म्हणजे झिलई न दिलेल्या भाजलेल्या चिनी मातीचं, डोळे काचेचे, भुवया कुंचल्याने एकेक रेष ओढून काढलेल्या. १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात झ्युमोंना सुवर्णपदक मिळालं आणि त्या पदकाचा उल्लेख असलेला शिक्का बाहुल्यांच्या अंगावर उमटू लागला. पुढे १८९०च्या मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. आज संग्राहक या खुणांवरून बाहुलीचं वय ठरवतात, पण त्या उमटल्या जाहिरातीसाठी आणि जकातीसाठी.

खुणेवर किती विसंबायचं, हा प्रश्न तेव्हाही होताच. स्वस्त जर्मन बाहुल्यांपुढे टिकाव लागेना, तेव्हा १८९९ साली झ्युमोंसह अनेक फ्रेंच कारखानदारांनी एकत्र येऊन एक कंपनी काढली. तिच्या कित्येक ‘फ्रेंच’ बाहुल्यांची डोकी जर्मनीत, झिमोन उंड हाल्बिगच्या कारखान्यात घडलेली होती.

नक्कल त्यानंतरची, आणि ती उघडपणे झाली. कॅलिफोर्नियात बाहुल्यांचं ‘इस्पितळ’ चालवणाऱ्या एमा क्लिअर यांनी १९४०च्या दशकात जुन्या बाहुल्यांच्या प्रतिकृती केल्या आणि त्यांवर स्वतःचं नाव व साल घातलं. पुढच्या काही दशकांत अमेरिकेत हा हौशी लोकांचा छंद झाला. जुन्या डोक्याचा साचा घ्यायचा, त्यात पातळ माती ओतायची, भट्टीत भाजायचं, रंगवायचं, मागे आपली सही करायची. यात फसवणूक कुठेच नाही. उलट, शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात कसा फिरला असेल, हे शिकण्याची ती एक रीत होती.

लबाडी शिरते ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या विक्रीत. सही खरवडता येते, टोपाखाली झाकता येते, किंवा फोटोत येऊच द्यायची नाही. वर एक ओळ: ‘आजीच्या पेटीत सापडली, मला यातलं काही कळत नाही.’ या वाक्याची मला गंमतही वाटते आणि चीडही येते. विकणारा कशाचीच हमी देत नाही आणि घेणाऱ्याला मात्र घबाड हाती लागल्याचा भास होतो.

मातीला मात्र खोटं बोलता येत नाही. भाजताना ती आकसते. त्यामुळे मूळ डोक्यावरून साचा घेऊन केलेलं डोकं मुळापेक्षा लहानच भरतं. सुरुवातीच्या फ्रेंच डोक्यांत माती साच्यात हाताने दाबून भरलेली असे, म्हणून ती आतून ओबडधोबड असतात. ओतीव डोकं आतून गुळगुळीत. पुढे झ्युमोंकडेही ओतीव डोकी होऊ लागली, त्यामुळे एकट्या या खुणेवर निकाल देता येत नाही. म्हणून घेणाऱ्याने तीन गोष्टी मागाव्यात: मानेचा फोटो, डोक्याच्या आतला फोटो आणि डोक्याचा घेर. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

अशा व्यवहारात घेणाऱ्याचे पैसे बुडतात, त्याची तक्रार निदान कुणीतरी करतं. पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भुवयांची एकेक रेष ओढणाऱ्या त्या हौशी बाईचं काय? तिने प्रामाणिकपणे केलेली सही कुणीतरी पुसली, आणि तिचं काम झ्युमोंच्या नावावर विकलं गेलं. माझ्या लेखी पहिली फसवणूक तिची झाली.