विजेच्या मोटारीची पहिली फेरी

इ. स. १९०० सालीं अमेरिकेंत मोटार विकत घ्यावयास निघालेल्या गृहस्थापुढें तीन तऱ्हेच्या गाड्या उभ्या असत: एक वाफेवर चालणारी, दुसरी विजेवर आणि तिसरी पेट्रोलवर. त्या वर्षाच्या अमेरिकन शिरगणतींत कारखान्यांतून बाहेर पडलेल्या मोटारींची जी गणना झाली, तींत एकूण ४,१९२ गाड्यांपैकीं १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. ज्या पेट्रोल-मोटारीनें पुढें साऱ्या पृथ्वीचे रस्ते व्यापले, ती त्या वेळीं तिसऱ्या क्रमांकावर होती! पंचवीस-तीस वर्षांत हें चित्र असें पालटलें कीं, विजेची मोटार म्हणजे श्रीमंत वृद्ध स्त्रियांची हौस, असें म्हणून लोक तिला हंसूं लागले.

मे २०२१ मध्यें मुंबईंत पेट्रोलचा भाव लिटरला शंभर रुपयांवर गेला. तेव्हांपासून आपल्याकडे विजेच्या मोटारीची चर्चा घरोघर चालूं झाली, आणि तिच्या पाठोपाठ शंकाहि आल्या. एकदां भरलेली वीज किती अंतर पुरेल? वाटेंत संपली तर कोठें भरावयाची? बॅटरी मेली तर नवी कितीला पडेल? ह्या शंका घेणाऱ्यास कोणी भित्रा म्हणतो, कोणी जुन्या मताचा म्हणतो. पण ह्या तिन्ही शंका सव्वाशें वर्षांच्या जुन्या आहेत, आणि ज्यांनीं त्या प्रथम घेतल्या ते लोक कांहीं मूर्ख नव्हते.

विजेच्या गाडीचा जन्म बॅटरीच्या जन्मावर अवलंबून होता. १८५९ सालीं गॅस्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिसें व गंधकाम्ल ह्यांपासून पुन्हां पुन्हां भरतां येणारा विद्युत्घट तयार केला. १८८१ सालीं कामिय फोर ह्यानें त्यांत मोठी सुधारणा केली, आणि त्याच वर्षीं गुस्ताव त्रूव्हे ह्यानें पॅरिसमध्यें विजेवर चालणारी तीनचाकी गाडी लोकांना दाखविली. अमेरिकेंत विल्यम मॉरिसन ह्यानें १८९० च्या सुमारास अशी एक गाडी बांधली. ज्या शिकागोंत १८९३ सालीं स्वामी विवेकानंदांनीं सर्वधर्मपरिषद गाजविली, त्याच शिकागोंत त्याच वर्षींच्या जागतिक प्रदर्शनांत ही गाडी मांडलेली होती. १८९९ च्या एप्रिलांत तर कामिय जेनात्सी ह्या बेल्जियन गृहस्थानें पॅरिसजवळ विजेची गाडी ताशीं १०५ किलोमीटरांहून अधिक वेगानें हांकली. शंभर किलोमीटरांची वेस ओलांडणारी जगांतली ती पहिली मोटार. तिचें नांव त्यानें ‘कधींच समाधान न पावणारी’ असें ठेविलें होतें. तें पुढें मोटार घेणाऱ्या गिऱ्हाइकालाच अधिक शोभलें असतें.

विजेची गाडी लोकांना आवडे याचें कारण सरळ होतें. पेट्रोल-मोटार चालूं करावयाची म्हणजे समोर उभें राहून लोखंडी दांडा जोरानें फिरवावा लागे. इंजिनानें उलट झटका दिला म्हणजे तो दांडा घोड्याच्या लाथेसारखा मनगटावर येई आणि हाड मोडे. वाफेच्या गाडींत थंडीच्या दिवसांत पाणी तापून वाफ होईपर्यंत कधीं कधीं अर्धा तास ताटकळावें लागे. विजेच्या गाडींत मात्र बसावें, दांडी ओढावी आणि निघावें. धूर नाहीं, दुर्गंध नाहीं, आवाज नाहीं. १८९७ सालीं लंडनमध्यें बर्सी ह्या तरुण इंजिनिअराच्या विजेच्या भाड्याच्या गाड्या धांवूं लागल्या, तेव्हां त्यांच्या गुणगुणण्यावरून लोकांनीं त्यांना एका चिमुकल्या पक्ष्याचें नांव दिलें. न्यूयॉर्कांतहि त्याच वर्षीं अशा गाड्या आल्या. १८९९ च्या मे महिन्यांत तेथील जेकब जर्मन ह्या विजेच्या गाडीच्या चालकास पोलिसांनीं अतिवेगाबद्दल पकडलें. वेग होता ताशीं बारा मैल!

न्यूयॉर्कच्या ह्या गाड्यांची व्यवस्था मोठी चतुर होती. वीज संपलेली गाडी ठाण्यांत येई. तेथें हजार पौंडांहून जड अशी बॅटरी यंत्रानें ओढून काढीत, दुसरी भरलेली बॅटरी आंत ढकलीत, आणि थोड्याच मिनिटांत गाडी पुन्हां रस्त्यावर जाई. टांग्याचा घोडा बदलावा तसाच हा प्रकार. पण घोडा थकला तर विश्रांतीनें ताजा होतो. शिशाचे पत्रे खडबडीत रस्त्यांवरच्या हादऱ्यांनीं झडत, ते पुन्हां उभे राहत नसत. लंडनच्या गाड्या दोन वर्षांत बंद पडल्या. न्यूयॉर्कच्या कंपनीनें भागभांडवलाचा फुगा मर्यादेबाहेर फुगविला व १९०७ सालीं तिचें दिवाळें वाजलें. त्यांत विजेचा दोष थोडा आणि सट्टेबाजांचा अधिक होता. परंतु बदनाम झाली ती विजेची गाडी.

इकडे पेट्रोलचें नशीब उघडत होतें. पूर्वीं खनिज तेलांतून दिव्याचें रॉकेल काढलें म्हणजे पेट्रोल ही उरलेली नकोशी वस्तु असे. १८८८ सालीं जर्मनींत बर्टा बेंझ ही बाई मुलांना घेऊन नवऱ्याची मोटार लांबच्या प्रवासाला घेऊन निघाली, तेव्हां वाटेंत इंधन संपल्यावर तिनें तें एका औषधाच्या दुकानांतून विकत घेतलें. ह्या लहानशा प्रसंगांत पुढचा सारा निकाल सांठविलेला आहे. तेल डब्यांत भरतां येतें, गाडीवर लादतां येतें, गांवच्या दुकानदारास विकतां येतें. वीज डब्यांत भरतां येत नाहीं. १९०१ च्या जानेवारींत टेक्सस प्रांतांत स्पिंडलटॉप येथें तेलाचा प्रचंड झरा फुटला आणि कच्च्या तेलाचा भाव कांहीं काळ बॅरलला तीन सेंटांपर्यंत कोसळला. पुढें मोटारी वाढल्या, मागणी वाढली, भाव चढूं लागले; तेव्हां विजेच्या गाडीचे कारखानदार मनांत हर्षले. पण १९१३ सालीं विल्यम बर्टन ह्याची जड तेल तापवून फोडण्याची रीत कारखान्यांत आली व तितक्याच खनिज तेलांतून कितीतरी अधिक पेट्रोल निघूं लागलें.

तरीहि शहरांतील कुटुंबाला विजेची गाडी पुरेशी होती. ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ गाडीचे कर्ते एका भरणींत ऐंशी मैल जाण्याची ग्वाही देत. रात्रीं घरच्या गाडीखान्यांत ती भरावयास लावावी व सकाळीं न्यावी. डॉक्टर लोक ती पसंत करीत. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा ही नवऱ्याच्या गाड्या सोडून ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवी. पण ऐंशी मैलांच्या ग्वाहीनें गिऱ्हाइकाचें समाधान होईना. रोजचा प्रवास दहा मैलांचा असला, तरी मनांत भीति असे ती वर्षांतून एकदां गांवीं जावयाच्या प्रवासाची. आणि गांवीं वीज कोठें होती? १९३५ च्या सुमारासहि अमेरिकेंतील दहा शेतकऱ्यांपैकीं जेमतेम एकाच्या घरीं वीज पोंचली होती. अशा देशांत विजेच्या मोटारीविषयीं शंका घेणें हा भित्रेपणा कसा म्हणावा? विक्रेत्यांनींहि एक चूक केली. ही बायकांची गाडी, असा डांगोरा त्यांनीं इतका पिटला कीं, पुरुष तींत बसावयास लाजूं लागले. मग १९२० च्या सुमारास पेट्रोल-मोटारीसारखें दिसावें म्हणून विजेच्या गाडीच्या तोंडाशीं खोटा रेडिएटर बसविण्यापर्यंत मजल गेली!

टॉमस एडिसन ह्यानें बॅटरीच्या शंकेवर उपाय शोधण्याचा चंग बांधला. शिसें टाकून त्यानें निकेल व लोखंड ह्यांची बॅटरी काढली, १९०१ सालीं कंपनी स्थापिली आणि थोड्याच वर्षांत माल बाजारांत आणला. डबे गळूं लागले, ताकद उतरूं लागली. एडिसननें विक्री थांबविली, सदोष माल परत घेतला व पुन्हां प्रयोगास बसला. सुधारलेली बॅटरी १९१० च्या सुमारास आली. ती खरोखर टिकाऊ होती, परंतु महाग होती आणि कडक थंडींत मंद पडे. १९१४ सालीं एडिसन व फोर्ड मिळून स्वस्त विजेची मोटार काढणार अशी बातमी वर्तमानपत्रांत झळकली. ती मोटार कधींच आली नाहीं. फोर्डची ‘मॉडेल टी’ मात्र १९०८ पासून हजारोंनीं, मग लाखोंनीं निघत होती. १९१२ च्या सुमारास साधी पेट्रोल-मोटार ६५० डॉलरांस मिळे, तेव्हां विजेच्या गाडीस १,७५० डॉलर पडत. आणि त्याच वर्षीं चार्ल्स केटरिंग ह्याचा विजेचा ‘स्टार्टर’ कॅडिलॅक गाड्यांवर बसला. मनगट मोडणारा दांडा गेला. एक लहानशी बॅटरी व एक लहानशी विजेची मोटर पेट्रोल-गाडीच्या पोटांत शिरली, आणि विजेच्या गाडीचा सर्वांत मोठा गुण शत्रूच्या घरीं नांदूं लागला.

ह्या पराभवाच्या कथेंत एक प्रकरण मात्र मुद्दाम थांबून पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत हार्टफर्ड नांवाचें शहर आहे. तेथील वीज कंपनीनें व्यापाऱ्यांना विजेच्या मालमोटारी घेण्याचा आग्रह केला. व्यापारी म्हणाले, गाडी ठीक, पण बॅटरीचा भरंवसा कोणी द्यावा? कंपनीनें त्यांना उपदेश केला नाहीं. १९१२ च्या सुमारास तिनें असा करार पुढें केला कीं, व्यापाऱ्यानें गाडी बॅटरीशिवाय विकत घ्यावी. बॅटरी कंपनीची राहील. ती भरणें, बदलणें, दुरुस्त करणें सर्व कंपनीकडे. व्यापाऱ्यानें दरमहा ठराविक रक्कम द्यावी व गाडी जितके मैल फिरेल तितक्या मैलांचे पैसे मोजावे. शंका होती ती चालकाच्या डोक्यावरून उचलून कंपनीनें आपल्या जमाखर्चांत घेतली. १९२४ पर्यंत ही व्यवस्था चालली आणि तींतील गाड्या साठ लाख मैलांहून अधिक फिरल्या. पुढें पेट्रोलच्या मालमोटारी स्वस्त व भरंवशाच्या झाल्या आणि ती मोडली. परंतु शंभर वर्षांनीं, २०२४ च्या सप्टेंबरांत, भारतांत एम्. जी. ‘विंडसर’ ही मोटार बॅटरीची किंमत वगळून व किलोमीटरला साडेतीन रुपये बॅटरीभाडें लावून विक्रीस आली, तेव्हां हार्टफर्डचा जुनाच करार नव्या कागदावर उतरला.

इंधनाची टंचाई पडली म्हणजे माणूस काय वाटेल तें पत्करतो, आणि टंचाई सरली म्हणजे सोडतो, हेंहि ह्या इतिहासांत दिसतें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, हिंदुस्थानांत पेट्रोलवर नियंत्रण आलें. महाराष्ट्रांतल्या सर्व्हिस मोटारींच्या पाठीशीं लोणारी कोळशाच्या भट्ट्या लागल्या. क्लीनर भात्याचा पंखा फिरवी, उतारू वाट पाहत, मग गाडी हले, आणि घाटाच्या चढावर दम टाकी. पेट्रोल पुरेसें मिळूं लागतांच त्या भट्ट्या भंगारांत गेल्या. त्यांच्यासाठीं कोणीहि डोळ्यांतून पाणी काढलें नाहीं. जपानांत हाच प्रकार विजेच्या बाबतींत घडला. युद्धानंतर तेथें पेट्रोल दुर्मिळ, पण डोंगरी नद्यांवरची वीज उपलब्ध. विमानाच्या बंद पडलेल्या कारखान्यांतील कारागिरांनीं १९४७ सालीं ‘तामा’ नांवाची विजेची मोटार काढली. ताशीं ३५ किलोमीटर वेग, एका भरणींत ६५ किलोमीटर मजल. टॅक्सीवाल्यांनीं ती आनंदानें वापरली. १९५० सालीं कोरियाचें युद्ध पेटलें, शिशाचे भाव कडाडले, पेट्रोल पुन्हां मिळूं लागलें. आणि १९५१ सालीं ‘तामा’ बंद झाली.

१९७३ च्या तेलसंकटांत बॅरलचा भाव तीन डॉलरांवरून सुमारें बारांवर गेला, तेव्हां पुन्हां विजेच्या गाडीची आठवण झाली. तेल उतरल्यावर ती आठवणहि उतरली. खरा फरक पडला तो तेलाच्या भावानें नव्हे, बॅटरीच्या भावानें. १९९१ सालीं लिथियमची बॅटरी बाजारांत आली. तिच्या जनकांपैकीं तिघांना २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. २०१० सालीं ह्या बॅटरीच्या एका युनिटाच्या सांठवणीस हजार डॉलरांहून अधिक पडत. २०२४ सालीं सुमारें ११५ डॉलर. नॉर्वेनें तर कर माफ करून, ठिकठिकाणीं भरणकेंद्रें उभारून २०२४ सालीं नव्या मोटारींपैकीं जवळ जवळ नव्वद टक्के विजेच्या करून दाखविल्या.

मग आपल्याकडील चालकाची शंका फोल ठरली काय? हिशेबच करून पाहावा. समजा, लहान विजेची गाडी एका युनिटांत सहा किलोमीटर गेली व घरचें युनिट दहा रुपयांस पडलें, तर किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आंतच खर्च येतो. पेट्रोलची गाडी लिटरला सोळा किलोमीटर जाते व लिटर शंभर रुपयांस मिळतें असें धरल्यास सव्वासहा रुपये. फरक किलोमीटरला साडेचार रुपयांचा. आतां विजेची गाडी दोन लाखांनीं महाग आहे असें समजूं. महिन्यास हजार किलोमीटर फिरणाऱ्या माणसाचे ते दोन लाख पावणेचार वर्षांच्या आंत वसूल होतात. महिन्यास तीनशेंच किलोमीटर फिरणाऱ्या पेन्शनराला बारा वर्षें लागतात. आणि २०२० नंतर भारतांत विकल्या गेलेल्या कित्येक गाड्यांच्या बॅटरीची हमी आहे आठ वर्षांची. ज्याच्या इमारतींत गाडी उभी करावयास ठराविक जागा नाहीं व सोसायटी भिंतीवर विजेचा एक खटका लावूं देत नाहीं, त्याला तर घरचा भावहि मिळत नाहीं. रस्त्यावरच्या भरणकेंद्राचा चढा दर द्यावा लागतो. पुण्याच्या पेठेंतला किंवा गिरगांवच्या चाळींतला मनुष्य ‘थोडें थांबूं’ म्हणतो, त्याच्या बोलण्यांत इतका हिशेब असतो. त्याला हार्टफर्डसारखा कोणी भेटला तर तोहि बहुधा थांबावयाचा नाहीं.

क्लारा फोर्डची १९१४ ची ती विजेची गाडी अमेरिकेंत डिअरबॉर्न येथील संग्रहालयांत जपून ठेविलेली आहे. तें संग्रहालय स्थापिलें तिच्या नवऱ्यानेंच, आणि त्याच्या ‘मॉडेल टी’ गाड्याहि तेथेंच ठेविल्या आहेत.