जडवस्तू

प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत एक जाडजूड वही असते. 'जडवस्तू संग्रह नोंदवही' असं तिचं भारदस्त नाव. खुर्ची, टेबल, घंटा, हंडा, लवकर न संपणारं सगळं तिच्यात चढवायचं. मुख्याध्यापक बदलला की आधी या वहीचा चार्ज. एखादी वस्तू कमी भरली तर वसुली पगारातून. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण साहेबाला भ्यालो नाही एवढा या वहीला भ्यालो.

१९८५ साली मी माणदेशातल्या एका शाळेत रुजू झालो. पाऊस नाही, वीज नाही, पण पोरं होती. दोन वर्षांनी खडू-फळा मोहीम आली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातली ही योजना. देशातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायचं साहित्य द्यायचं, असं दिल्लीनं ठरवलं होतं. एक दिवस आमच्याकडं पेट्या आल्या. नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानपेटी, गणितपेटी. गावातली माणसं लग्नातला रुखवत बघावा तशी बघून गेली.

थोरल्या गुरुजींनी एकेक वस्तू वहीत चढवली आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी म्हटलं, "गुरुजी, पृथ्वीगोल वर्गात नेऊ का?" ते म्हणाले, "न्या की. पण फुटला तर भरायचा कुणी?" मग पोरांनी पृथ्वी पाहिली ती कपाटाच्या काचेतून, आणि तीही अर्धीच. मी तेव्हा गुरुजींना मनातल्या मनात हसलो होतो. तसाच प्रसंग माझ्यावर येणार आहे हे कुठं ठाऊक होतं?

पुढं बदल्या झाल्या, बढती मिळाली आणि मी सातवीपर्यंतच्या एका शाळेचा मुख्याध्यापक झालो. २००१ पासून सर्व शिक्षा अभियान सुरू झालं होतं. शिक्षकामागं वर्षाला ५०० रुपये साहित्याला मिळायचे. शाळा अनुदान सुरुवातीला २,००० रुपये होतं, ते नंतर उच्च प्राथमिकला ७,००० झालं. याच अभियानात नावीन्यपूर्ण उपक्रम म्हणून संगणक शिक्षणालाही पैसा होता. पण एका उपक्रमाला जिल्ह्यामागं वर्षाला १५ लाखांची मर्यादा. जिल्ह्यातल्या शेकडो शाळांत ते पुरणार किती? म्हणून प्रस्ताव मागवले.

प्रस्ताव म्हणजे कागदांची चळत. ग्राम शिक्षण समितीचा ठराव, खिडकीला जाळी असलेली खोली, संगणक शिकलेला शिक्षक आणि एक रकाना, 'वीजजोडणी : आहे / नाही'.

आमच्या केंद्रात दोन शाळा या यादीत बसत होत्या. एक आमची, दुसरी डोंगराकडंची. दोन्हीकडं मीटर नव्हता. मीटरचं कोटेशन भरायला पैसे लागतात आणि ते कुठल्या शीर्षकाखाली टाकायचे हे कुणी सांगत नव्हतं. मी शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या घरी गेलो. घरधनी म्हणाले, "गुरुजी, लाईट आपल्या घरचीच हाय की. वढा वायर!" वायर ओढली, बल्ब पेटला आणि मी रकान्यात 'आहे' वर खूण केली. खोटं म्हणावं तर दिवा खरंच लागला होता.

प्रस्ताव द्यायला पंचायत समितीत गेलो तेव्हा डोंगराकडच्या शाळेचे गुरुजी शेजारीच बसले होते. त्यांनी 'नाही' वर खूण केली. मी हळूच म्हटलं, "अहो, एखादी वायर घ्या की ओढून." ते म्हणाले, "वायर उद्या काढली तर? मीटर द्या म्हणून अर्ज वेगळा जोडलाय बघा." त्यांच्या प्रस्तावाला मागं एक साधा कागद टाचलेला होता.

संगणक आम्हाला मिळाला. त्यांना नाही.

पहिले चार महिने आमच्या शाळेत रोज सणच होता. माऊस धरायला पोरींचे हात थरथरायचे. सातवीच्या एका पोरानं स्वतःचं नाव टाइप केलं आणि पडद्यावरून नजर हलवेना. मग उन्हाळ्यात शेजारच्या घरात भावाभावांच्या वाटण्या झाल्या. धाकट्यानं सांगितलं, "बिल आम्ही भरायचं आन् शाळा कुणाची?" त्याचं तरी काय चुकलं? वायर निघाली. संगणकावर शिवलेलं कापड चढलं आणि त्यावर धूळ.

वर्षभरात डोंगराकडच्या शाळेला मीटर मिळाला. त्या वेगळ्या कागदाचा पाठपुरावा गुरुजींनी सोडला नव्हता. ते माझ्याकडं आले. म्हणाले, "तुमचा कॉम्प्युटर नुसता बसून हाय. आमच्याकडं द्या. दर शनिवारी तुमची पोरं पण येतील." मी कार्यालयात विचारलं. उत्तर आलं, "नोंद तुमच्या वहीत आहे. हलवायचा नाही. काही झालं तर वसुली तुमच्याकडून."

मी संगणक दिला नाही. थोरले गुरुजी आठवले, त्यांचं कुलूप आठवलं. हसू मात्र आलं नाही.

आमच्या शाळेला पुढं मीटर लागला, तेव्हा दुसरं दुखणं कळलं. शाळेच्या विजेला दर लागायचा दुकानाचा. शाळा-दवाखान्यांसाठी 'सार्वजनिक सेवा' असा वेगळा गट वीज नियामक आयोगानं २०१२ साली केला. पण दर वेगळा झाला म्हणून बिल कुणी दुसरा भरत नाही. यंत्राला योजना असते, बिलाला नसते. थकबाकी झाली की फ्यूज काढून नेत. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरची शाळा डिजिटल झाल्याचं ऐकून गावोगाव लोकवर्गणी निघाली. आमच्या गावानंही यात्रेचा तमाशा एक वर्ष बंद ठेवून प्रोजेक्टर घेतला. कागदावर बघाल तर ही सगळी सरकारची प्रगती. पण त्यात खुरपणीच्या मजुरीतून दिलेली दहा-वीसची नोटही आहे.

२०२१ ला मी निवृत्त झालो. चार्ज देताना वहीत ती नोंद होतीच : 'संगणक संच, नग १'. निर्लेखनाचा प्रस्ताव कितीदा पाठवला, मंजुरी कधी आलीच नाही. ज्याच्यावर पोरं दोन वर्षं शिकली असती, ते यंत्र पंधरा वर्षं कागदावर जिवंत होतं.

माझ्या जागी आलेली शिक्षिका यू-डायसचा फॉर्म भरत होती. विजेच्या रकान्यात आता तीन पर्याय असतात. आहे, नाही आणि 'आहे पण चालू नाही'. त्या दिवशी फ्यूज काढलेलाच होता. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "सर, 'आहे' लिहू का? पुढच्या योजनेला बरं पडेल."

मी म्हटलं, "बाई, जे आहे तेच लिहा. आणि मागं एक वेगळा अर्ज जोडा."