प्रगतिपुस्तक आणि काट्याची पावती



प्रगतिपुस्तकावर बोलायला खरे म्हणजे एखाद्या मास्तरांना पाचारण करायला हवे होते. माझा व्यवसाय मजुरांच्या संघटनेचा. पण ज्या कागदावर ऊसतोड मजुराच्या पोटाचा हिशेब होतो, त्या वजनकाट्याच्या पावतीशी माझे वर्षानुवर्षे भांडण चालू आहे. आणि प्रगतिपुस्तकाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा तो पुष्कळसा त्या पावतीचाच भाऊबंद निघाला. मोजायचे कोणी, कशात मोजायचे, आणि मोजलेले कळायचे कोणाला, हे प्रश्न दोहींकडे सारखेच आहेत.

१८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो या शिक्षणखाते सांभाळणाऱ्या गृहस्थाने नियम केला की, शाळेची सरकारी मदत मुलांच्या परीक्षेच्या निकालावर ठरावी. तपासनीसाने यावे, वाचन, लेखन आणि गणित घ्यावे, आणि मूल ज्यात नापास होईल त्याचे पैसे कापावेत. आपल्या भाषेत ही नगावर मजुरी झाली. नगावर मजुरी दिली म्हणजे नग वाढतात, माल हलका होतो, हे कोणताही विणकर सांगेल. मास्तर तीन विषयांपुरते शिकवू लागले आणि मुले धडे पाठ म्हणू लागली. हीच पद्धत मुंबई इलाख्यातही आली. आपण तेव्हा निजामाच्या मुलखात होतो, सप्टेंबर १९४८ पर्यंत होतो. परंतु शेजारचे सोलापूर इलाख्यात होते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले त्यात या पद्धतीवर नेमके बोट ठेवले आहे. ज्या गरीब, अशिक्षित लोकांत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, त्यांच्यासाठी निकालावर पैसे ही रीत मुळीच योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे. अशा वस्तीत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून कोणता मास्तर जगणार? आयोगाने ऐकले नाही. प्राथमिक शाळांची मदत बऱ्याच अंशी परीक्षेवरच ठेवावी अशी शिफारस केली. पुढे १९०४ च्या सरकारी ठरावाच्या सुमारास ती पद्धत मागे पडली. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. ही दोन कामे मला एकाच घरातली वाटतात.

पैसे गेले, आकडा राहिला. गुण, शेकडा प्रमाण आणि वर्गातला क्रमांक. सातवा नंबर म्हणजे सहा मुले पुढे, एवढेच कळते. मुलाला हातच्याची वजाबाकी येते की नाही, ते कळत नाही. रवींद्र दवे यांच्या समितीने १९९१ मध्ये किमान अध्ययन पातळ्या ठरवल्या, आणि महाराष्ट्रात १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम क्षमतांवर आधारलेला आला. कल्पना साधी होती: मुलाला दुसऱ्या मुलाशी ताडायचे नाही, तर या इयत्तेत काय यायला हवे त्याच्याशी ताडायचे. मला तरी यात खोट दिसत नाही.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. वर्षभराच्या निरीक्षणाचे ते आकारिक, सत्राअखेरचे ते संकलित. पहिली-दुसरीत शंभरांपैकी सत्तर गुण आकारिकाचे, सातवी-आठवीत चाळीस. पुढे त्याच गुणांची श्रेणी करायची: ८१ ते ९० म्हणजे अ-२, ७१ ते ८० म्हणजे ब-१. आता पहा, ही श्रेणी म्हणजे शेकडा प्रमाणालाच चढवलेला नवा सदरा. खरा माल शेजारच्या वर्णनात्मक नोंदीत असतो, आणि तिथे बहुधा ‘प्रगती समाधानकारक’ एवढेच लिहिलेले आढळते. मास्तरांना दोष देत नाही. पट आणि कागद यांचे ओझे त्यांच्याही डोक्यावर आहे. पण फडावर एका आईने मला विचारले, “भाऊ, क-२ म्हंजी पास का नापास?” त्या बाईला टनाचा भाव तोंडपाठ होता.

आणि तिचे मूल दिवाळीनंतर शाळेत नव्हतेच. कोयता उचलून आईबाप कारखान्याकडे निघाले की मूल बरोबर जाते, परतते ते पाडव्याच्या आसपास. ज्या पद्धतीत रोजचे निरीक्षण हाच मूल्यमापनाचा पाया, तिथे न दिसलेल्या मुलाचे निरीक्षण कोण करणार? २०१७ पासून इयत्तावार अध्ययन निष्पत्ती ठरलेल्या आहेत. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा बसवली, फेरपरीक्षेतही नापास झाला तर मूल त्याच वर्गात. म्हणजे या कोऱ्या रकान्याला आता किंमत पडते.

आपला खंडोबासुद्धा अणदुराहून मैलारपुरास जातो तो दोन्ही गावांच्या लेखी करारावर. स्थलांतरित मुलासाठीही सरकारने शिक्षण हमी कार्ड काढले आहे. निघताना ते घ्यायचे, तिथल्या शाळेत दाखवायचे, परतताना तिथली नोंद घेऊन यायचे. मुकादम उचल देतो तेव्हा अंगठा घेतल्याशिवाय सोडत नाही. त्याच दिवशी, त्याच बैठकीत, टोळीतल्या प्रत्येक मुलाचे कार्ड मागून घ्यावे, आणि त्यावर श्रेणीपेक्षा ‘जोडाक्षरे वाचतो, भागाकार अजून येत नाही’ असे मास्तरांकडून लिहून घ्यावे, अशी आमच्या संघटनेची या हंगामाची मागणी आहे. दसऱ्याच्या आत हे व्हायला हवे.